रडक्याबद्दल तू म्हणालीस ते

माय,

पुण्याहून संपादकबाईंचा मेल आलाय. माझ्या लेखांचं पुस्तक निघतंय. सगळे लेख इंग्लंडातल्या रॉक बँडांवरचे, तू ज्यांना 'मामाच्या टेपा' म्हणायचीस त्यांच्यावरचे आणि त्यांच्या जातकुळीतल्या आणखी पंधरावीस जणांवरचे. बाई काटेकोर आहेत. पहिल्याच लेखातल्या एका वाक्याला पिवळा रंग लावून त्यांनी विचारलंय, की हे वाक्य हल्ली बरेच जण वापरतात, ते मुळात कुणाचं, अवतरणचिन्हात टाकायचं का, आणि टाकायचं तर खाली नाव कुणाचं द्यायचं. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाल्यात. आज बुधवार. मी बीडला माझ्या मेडिकलच्या काउंटरमागं बसलेय. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हाच मी लिहिते. अख्खं पुस्तक असंच खोकल्याच्या बाटल्यांसमोर बसून लिहिलंय. बाईंना द्यायचं उत्तर एका ओळीचं आहे, पण ती ओळ लिहिण्याआधी तुझ्याशी बोलावं लागेल असं सकाळपासून वाटतंय, म्हणून हे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे मामाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मामानं तुला वाचून दाखवलेल्या एका गोष्टीबद्दलच मला बोलायचंय.

मामा तेव्हा ट्रकवर होता. आपल्या धारूरच्या डोंगरातली सीताफळं घेऊन मुंबईला जायचा आणि येताना काही ना काही घेऊन यायचा. एका खेपेला त्यानं गोणपाटाची पिशवी आणली, आत अकरा कॅसेटी. कुणा भंगारवाल्यानं हिंदी पिक्चरची गाणी म्हणून त्याच्या गळ्यात मारलेल्या. कव्हरं नव्हती, वरचे कागद खरवडून काढलेले. वडील, आपले दादा, मोठा कळप घेऊन दिवाळीनंतर खालच्या मुलखात उतरायचे ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. मागं आपण दोघी, म्हाताऱ्या मेंढ्या, नुकत्या व्यालेल्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं. करमणूक म्हणून दादांनी घेऊन दिलेला टेप तेवढा होता. मामानं मोठ्या हौसेनं पहिली कॅसेट घातली. आधी खरखर, मग गिटार, मग एक माणूस जड आवाजात विव्हळायला लागला. आपण तिघंही टेपकडं बघत बसलो. "फसवलं की गड्यानं," मामा म्हणाला आणि पिशवी उचलून उकिरड्याकडं निघाला.

"थांब रे," तू म्हणालीस. "काय म्हणायलाय ते तर ऐकू दी."

"तुला काय कळणार हाय? इंग्रजी हाय ते."

"मेंढरू काय मराठी बोलतंय का?"

मामा हसला आणि पिशवी खुंटीला अडकवून गेला. मला तेव्हा ते फक्त फटकळ उत्तर वाटलं. तू ते अगदी शब्दशः म्हणत होतीस हे कळायला मला बरीच वर्षं लागली. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की तू डालग्यांखाली झाकून ठेवलेली कोकरं सोडायचीस आणि पाचदहा मिनिटं नुसता कल्लोळ. चाळीस मेंढ्या, तेवढीच कोकरं, सगळी एकदम ओरडणारी. तू त्यात मधोमध उभी राहायचीस आणि न बघता सांगायचीस, "ते बांड्या कानाचं बघ, त्येला मायनं घेतलं न्हाई." मी शोधून काढायचे तर खरोखर एक ठिपकेदार कानाचं कोकरू कुठल्यातरी भलत्याच मेंढीच्या लाथा खात उभं असायचं. मी विचारायचे, तुला कसं कळलं. तू म्हणायचीस, "आवाजात कळतंय की. भूक लागलेलं येगळं वरडतंय, चुकलेलं येगळं." एवढंच. तुझ्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्याच कानांनी तू त्या अकरा कॅसेटी ऐकल्यास. शब्दांची तुला गरज नव्हती आणि मलाही ते कळत नव्हते, त्यामुळे आपल्या दोघींचं ऐकणं एका पातळीवर चाललं होतं. फरक एवढाच, की तुला ऐकू यायचं.

नावं आपणच ठेवली. पहिला तो रडका. दुसऱ्या कॅसेटीत गिटारींचा एवढा दाट आवाज होता की आतली बाई मधूनच दिसल्यासारखी व्हायची आणि जायची, तिचं नाव धुकं. तिसरी जोडी एकमेकांवर खेकसल्यासारखी गायची, ते भांडखोर. एकात खालचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा सतत चालायचा, ती गिरणी. आणि एक जण गाण्यापेक्षा बोलायचाच जास्त, भराभर, नाकातून, मधूनच स्वतःवर खूश होऊन. त्याला तू 'शाळामास्तर' म्हणायचीस. पुढं पुण्यात मला या सगळ्यांची खरी नावं कळली, कुठल्या शहरातले, कुठल्या कारखान्यांच्या वस्तीत वाढलेले, कोण कुणाशी भांडून वेगळा झाला, सगळं. इथं लिहीत नाही, तुला ती कधी लागली नाहीत. या संगीताला तिकडं ऑल्टरनेटिव्ह म्हणतात. म्हणजे बाजारात मधोमध मोठा मांडव घालून बसतात त्यांचा माल नव्हे, कडेला पोतं अंथरून बसणाऱ्यांचा. तुला हे आवडलं असतं. आपणही सीताफळं घेऊन कडेलाच बसायचो.

भांडखोरांचा निकाल तू पहिल्या आठवड्यातच लावलास. "ह्येंच्याजवळ सांगायला दोनच गोष्टी हायत. दोन्ही सांगून झाल्या. आता नारायणगडाच्या जत्रंत नेऊन सोडा, तिथं खपतील." पुढं ते खरोखर जत्रेएवढ्या गर्दीपुढं गायले, हजारो माणसं त्यांच्या सुरात सूर मिसळायची, आणि त्यांचे पुढचे सगळे अल्बम म्हणजे त्याच दोन गोष्टी जास्त मोठ्यानं. मी त्यांच्यावर बारा पानं लिहिलीत. त्यात तुझ्या त्या तीन वाक्यांपेक्षा जास्त काही नाही. गिरणीबद्दल तू म्हणायचीस, "ह्यो ढोलावरचा नेमाचा माणूस हाय. बाकीचे हलत्यात, ह्यो हलत न्हाई." अभ्यासक लोक त्या बँडमधल्या गायकाच्या दुःखाविषयी लिहितात, आणि मी आजही म्हणते की त्या बँडचा कणा तो ढोलवालाच. धुकं तुझं सगळ्यात लाडकं. थंडीत सकाळी घाटाच्या बाजूनं धुकं वर यायचं, पलीकडचा किल्ला दिसायचा नाही, मेंढ्यांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी ऐकू यायची, आणि तू म्हणायचीस, "आज बाईला काम लई हाय, लाव तिला." ती बाई कुणासाठी गात नाही, हात चालू असताना तोंडात येतं ते म्हणते, असं तुझं मत होतं. तिला मोठ्यानं गायला लावलं तर ती गप्प बसेल, असंही.

शाळामास्तरावरून आपलं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. "लई शिकलेला हाय," तू म्हणालीस, "पर घरी गेलं तर च्या पाजणार न्हाई." मला तो आवडायचा. इथं तू चुकलीस, माय. त्याची गाणी मी तीसेक वर्षं ऐकतेय. तो चहा पाजतो, पण आधी दारात उभं करून तासभर बोलतो. शहरातल्या बऱ्याच माणसांचं तसं असतं. त्यांना आधी बोलून आपली भीती घालवावी लागते. तुला ते कळलं नाही कारण तू कुणालाही आधी पाणी द्यायचीस आणि मग नाव विचारायचीस. हे मी पुस्तकात लिहिलंय, फक्त 'काही ऐकणाऱ्यांना तो आखडू वाटतो' असं लिहिलंय. काही ऐकणारे म्हणजे तू.

आणि रडका. त्याच्यावर तर माझं नाव झालं. एका संध्याकाळी कोकरं पाजून झाली होती, तू कुडाला टेकून बसली होतीस, आणि टेपवर तो चालू होता. मी विचारलं, "माय, ह्यो कावून रडायलाय गं एवढा?" तू टेपकडं कान वळवलास. मग म्हणालीस, "रडत न्हाई त्यो. त्यो हाका मारायलाय. पर कुणी यावं असं त्येला वाटत न्हाई." आणि पुढं म्हणालीस, "खरा एकटा त्यो मागचा तारवाला हाय. त्येच्याकडं कुणाचं ध्यानच न्हाई." तारवाला म्हणजे मागं गिटार वाजवणारा. मी तेव्हा चौदा वर्षांची. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी तुला सांगितलं नाही, कारण आपल्याकडं असं काही सांगायची पद्धत नव्हती.

एक गंमत सांगायची राहिली. आपल्याकडं वीज नावालाच होती, टेप कायम सेलवर, आणि नवे सेल क्वचितच मिळायचे. सेल संपत आले की तू ते पत्र्यावर उन्हात ठेवायचीस आणि ते आणखी दोन दिवस ओढायचे. ओढायचे म्हणजे शब्दशः, गाणी लांबायची, आवाज खाली जायचा. तू म्हणायचीस, "रडका आज दमलाय." पुण्यात पहिल्यांदा मी ते गाणं नीट मशीनवर ऐकलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. तो म्हातारा नव्हताच. बावीसतेवीस वर्षांचा पोरगा, बऱ्यापैकी जलद गाणारा. आपण दोघींनी मिळून त्याला उन्हात तापवलेल्या सेलवर म्हातारा केला होता. एका लेखात मी त्या गाण्याला 'त्यांचं सर्वांत संथ गाणं' म्हणून बसले आणि एका वाचकानं फार नम्रपणे पत्र लिहून विचारलं, आपण नेमकी कोणती आवृत्ती ऐकता. मी त्याला उत्तर दिलं नाही. हल्ली मोबाइलवर गाण्याची गती कमी करता येते. मी पाऊण करून ऐकते आणि अजूनही म्हणते की ते गाणं असंच असायला हवं होतं.

मी फार्मसीला पुण्याला गेले तेव्हा मला वाटलं, तू टेप आणि कॅसेटी मला देशील. तू म्हणालीस, "तिकडं मिळतील तुला. हितं मला लागत्यात." तेव्हा राग आला होता. होस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडं ढिगानं सीड्या होत्या, तिचा भाऊ बाहेरून पाठवायचा. नावं, सालं, कोण कुणाचा शिष्य, सगळं तिला पाठ. मी भराभर शिकले. तिच्यासमोर मी तुला 'आई' म्हणायला लागले. दुसऱ्या वर्षी सीताफळांच्या दिवसांत ती आपल्याकडं आली. मेंढ्यांना घाबरली, पण तुला घाबरली नाही. तिनं टेप बघितला, रडका लावला आणि अगदी मनापासून विचारलं, "काकू, तुम्हाला कसा वाटतो हा?"

तू तिला तेच सांगितलंस, जे मला सांगितलं होतंस. हाका मारतोय, पण कुणी यावं असं त्याला वाटत नाही. ती टेपकडं वळून परत ऐकायला लागली. आणि मी हसले. "अगं, तिला एक शब्द कळत नाही इंग्रजीतला," मी म्हणाले. तू माझ्याकडं बघितलंस, मग तिच्याकडं बघून म्हणालीस, "व्हय बाई, मला कुठलं इंग्रजी," आणि चहा गाळायला उठलीस. परत जाताना बसमध्ये ती मैत्रीण मला म्हणाली, "तू ते लिहून ठेव, आई म्हणाली ते." मी लिहून ठेवलं. वर्षभरानं एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत माझा पहिला लेख आला, रडक्याच्या बँडवर. ते वाक्य त्यात होतं, माझ्या स्वच्छ पुणेरी मराठीत, आणि तू कुठंही नव्हतीस. पुरवणीच्या माणसानं फोन करून सांगितलं, "लेख ठीक आहे, पण ते एक वाक्य फार वरचं आहे." मैत्रिणीनं लेख वाचला आणि घडी घालून मला परत दिला. पुढं आमचं बोलणं कमी होत गेलं. मी कारण अभ्यासाचं मानलं.

मला वाटलं होतं, धारूरला पुण्याची पुरवणी कोण वाचणार. मामानं तोपर्यंत ट्रक सोडला होता, दिवसभर स्टँडवरच्या हॉटेलात बसायचा. भजी बांधून आलेल्या कागदावर त्याला भाचीचं नाव दिसलं. त्यानं तो तेलकट कागद तसाच घरी आणला आणि तुला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. हे मला माहीत नव्हतं. मी पुढच्या सुट्टीत आले. सकाळची वेळ. एका मेंढीला ढाळ लागले होते, मी तिला दोन पायांत धरली होती आणि तू बाटलीनं तिच्या तोंडात औषध सोडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मामानं वाचून दावलं तुझं."

"कसं वाटलं?"

"बरं हाय. मधी लई लांबड लावलीय."

मी हसले. तू बाटली तिरकी केलीस, मेंढीनं गिळलं की नाही ते तिच्या गळ्यावर हात ठेवून बघितलंस. मग म्हणालीस, "त्यात ते हाका मारायचं हाय. ते मव्हं हाय न्हवं?"

तू तक्रार करत नव्हतीस. आपली मेंढी दुसऱ्याच्या कळपात दिसली की माणूस विचारतो, ही आमचीच ना, तेवढंच होतं ते. मी हो म्हणाले असते तर तू मान हलवली असतीस आणि विषय संपला असता. मी म्हणाले, "न्हाई माय. ते सगळेच म्हणत्यात. तिकडचे मोठमोठे लोक म्हणत्यात."

"इंग्रज बी?"

"ते बी."

"असं व्हय." तू पदरानं मेंढीचं तोंड पुसलंस. "मग बरोबर हाय म्हणायचं मव्हं."

आणि तू खूश झालीस. हेच मला पेलत नाही. तू चिडली असतीस, निदान गप्प बसली असतीस, तर मी कधीतरी माफी मागून मोकळी झाले असते. तू तर दुपारी मामाला सांगितलंस, "इंग्रज बी तसंच म्हणत्यात." बाजारात, शेजारी, दादा परत आल्यावर दादांना, सगळ्यांना. पुढची कितीतरी वर्षं कुणी त्या टेपेवरून तुझी चेष्टा केली की तू शांतपणे म्हणायचीस, मी म्हणते तेच तिकडचे मोठे लोक म्हणतात, पोरीनं सांगितलंय. मी बाजूलाच उभी असायचे.

का खोटं बोलले याचा मी पुष्कळ विचार केलाय. सोपं कारण असं, की मला लाज वाटली. मेंढरामागं फिरणाऱ्या, अंगठा लावणाऱ्या बाईला विलायती बँड कळतो हे कुणाला पटलं नसतं, आणि पटलं असतं तर ते लोक तुझ्याबद्दल कौतुकानं बोलले असते, माझ्याबद्दल नाही. दुसरं कारण जास्त खरं आहे. ते वाक्य मला सुचायला हवं होतं. मी त्या बँडची नावं, सालं, मुलाखती सगळं पाठ केलं होतं आणि तरी मला तसं एक वाक्य सुचत नव्हतं. आजही सुचत नाही. या पुस्तकात अडीचशे पानं आहेत, मेहनतीनं लिहिलेली, चुका फार नाहीत. लोक मात्र जे उचलून नेतात ते तेच एक.

मधे एक गिऱ्हाईक येऊन गेलं. शाळेतल्या बाई आहेत, बीपीच्या गोळ्या दर महिन्याला इथूनच नेतात. माझ्या कानात वायर बघून म्हणाल्या, "काय ऐकायलात मॅडम?" मी म्हणाले, इंग्रजी आहे, जुनं. "कळतंय का सगळं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सगळं नाही. गोळ्या घेऊन त्या गेल्या.

तुझी मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी शिकून, नोकरी करून, परत बीडला आले होते. त्या औषधांची नावं मला डॉक्टरांइतकी पाठ होती आणि त्यांचा उपयोग किती होतो तेही ठाऊक होतं. दवाखान्यात तू एकदा म्हणालीस, "धुकं हाय का तुझ्या फोनात?" मी एक वायर तुझ्या कानात घातली, एक माझ्या. नीट गतीनं वाजणारी ती बाई तुला जलद वाटली. "घाईत हाय आज," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघीच होतो, वेळ भरपूर होता, आणि मी तुला दिवसाला पाणी किती प्यायचं त्याचं माप समजावत बसले. तू गेलीस त्याला आता चौदा वर्षं झाली. दादा तुझ्यामागं तीन वर्षांनी गेले. मेंढ्या मामाच्या मुलांनी विकल्या. टेप माझ्याकडं आहे, चालत नाही.

ते वाक्य मात्र चालतंय. पुरवणीतून ते कुणाच्या तरी वहीत गेलं, तिथून मोबाइलवर, आता त्या गायकाचा विषय निघाला की मराठीत कुणी ना कुणी ते टाकतोच. एकानं ते एका पुढाऱ्यावर वापरलं होतं, तेही चपखल बसत होतं. मागच्या महिन्यात एका तरुण माणसानं मला, म्हणजे मलाच, फोनवर समजावून सांगितलं, "मॅडम, त्याच्याबद्दल असं म्हणतात बघा, की तो हाक मारतो पण कुणी यावं असं त्याला वाटत नाही." मी म्हणाले, हो, ऐकलंय. तारवाल्याबद्दलचं तुझं पुढचं वाक्य मी कधी छापलं नाही. ते मी लपवून ठेवलं होतं, पुढंमागं कामी येईल म्हणून. आता पुस्तकातही नको. ते आपल्या दोघींत राहू दे.

चार वाजत आले. मी मघाशी संपादकबाईंना लिहून टाकलं: अवतरणचिन्हात टाका, वाक्य माझ्या आईचं आहे. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, पूर्ण नाव कळवा. मी रेशनकार्डावर होतं तसं लिहून पाठवलं. एवढंच काम होतं. इतकी वर्षं का लागली ते त्यांनी विचारलं नाही.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, ड्रॉवरमध्येच राहील. पण त्या सकाळी मेंढी धरून तुला जे सांगितलं ते परत घ्यायचंय. सगळे म्हणतात हे आता खरं झालंय, माझ्यामुळंच झालंय. तेव्हा ते कुणीच म्हणत नव्हतं. मोठमोठे लोक नाहीत, इंग्रज बी न्हाई. तू एकटीच म्हणत होतीस, आणि ते बरोबर आहे का एवढंच तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. बरोबर होतं, माय. चौदा वर्षांची होते तेव्हापासून मला ते माहीत होतं.